फुस्स झाल्यावर

“हा गेला कुठी?”

हे विचारताना ती अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढायची आणि तिच्या मागच्या टोकाने स्क्रीनवर टकटक करायची. स्वतःच्या नाही, माझ्या. त्या टकटकीचे ओरखडे माझ्या स्क्रीनवर अजून आहेत.

ती मला आवडत नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर शेवटी शेवटी तुम्हाला वाटेल की याला पहिल्यापासून तिचा पुळका होता. तसलं काही नव्हतं.

अकोल्यात आमचा कार्टून बनवायचा स्टुडिओ आहे. खाली बी-बियाण्यांचं दुकान, वर आम्ही नऊ जण. मी अमरावतीचा, शनिवारी घरी जाणारा, हाताखालच्यांवर डाफरायचा पगार घेणारा. ती बाळापूरहून एसटीने यायची. घरची झेंडू-शेवंतीची शेती. आधी एका शाळेत कंत्राटावर चित्रकला शिकवायची, म्हणून सगळे तिला मॅडम म्हणत. वय चाळिशीच्या आसपास. तिच्याइतका पक्का हात मी पाहिला नाही, आणि तिच्याइतकी तिखट जीभही.

आम्हाला काम देणारं लहान मुलांचं चॅनल पुण्याचं. त्यांचा फोन आला की मी खुर्चीत सरळ बसून ‘हो सर, नक्कीच सर, आपण म्हणता तसंच’ सुरू करायचो. फोन ठेवला की ती मान न वळवता म्हणायची, “पुन्याचा फोन आला का तुमची जीभ बूट घालते, सर.” बाकीचे खाली माना घालून हसायचे. अशा बाईवर प्रेम कसं करणार, तुम्हीच सांगा.

मग सीमेवर गोळीबार सुरू झाला. दोनच दिवसांत पुण्याहून फोन. वातावरण गरम आहे, तीन आठवड्यांत दहा मिनिटांची फिल्म पाहिजे. आमचा नेहमीचा शूर पोरगा आणि त्याची उडणारी मांजर सीमेवर जाऊन शत्रूला पळवून लावणार. ही फिल्म जमली तर पुढचं वर्षभर सगळे भाग आमच्याकडेच. मीही उड्या मारल्या, खोटं कशाला बोलू?

शत्रू नवीन काढायला वेळ नव्हता. आमच्याकडे एक चोर होता. तीन वर्षं आम्ही तोच वापरत होतो, कधी आंबे चोरायला, कधी खजिना. त्याला गणवेश चढवला, मिशा जाड केल्या आणि त्याच्या चाळीस नकला काढल्या. झालं सैन्य. पुण्याचा नियम असा की रक्त नको, प्रेत नको. गोळा लागला की शत्रूचा पांढरा धूर व्हायचा, ‘फुस्स’ असा आवाज यायचा, आणि जागा मोकळी.

पहिला फुस्स तयार झाला त्या दिवशी ती माझ्यामागे येऊन उभी राहिली. टकटक.

“हा गेला कुठी?”

“तो संपला, मॅडम.”

“संपला म्हंजे? खडू हाय का संपाले?”

“लहान मुलांसाठी आहे हे. त्यांना काय प्रेतं दाखवायची?”

“प्रेतं दाखवा असं कोन म्हनते? पन इथी कोनी होता, एवढं तं दिसू द्या.”

“ते वरून ठरलंय.”

“वर तं पान्याची टाकी हाय,” ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

मला असा राग आला की मी मुद्दाम सगळे फुस्स तिच्याच वाट्याला दिले. चाळीसच्या चाळीस. बस म्हटलं धूर काढत. ती एक शब्द बोलली नाही, तेव्हाच खरं तर मला संशय यायला पाहिजे होता.

त्या दिवसांत ती वही घेऊन ऑफिसभर हिंडायची. कुणाचा डबा न्याहाळ, कुणाचा कंगवा, कुणाच्या चष्म्याचं घर. एकदा माझ्या टेबलाखाली वाकून पाहत होती. मी पाय आत घेतले. जेवायच्या सुट्टीत जिन्यात जाऊन एक नंबर लावायची, थोडा वेळ ऐकायची, ठेवून द्यायची. कुणाला लावते हे मी विचारलं नाही. घरची भांडणं असतील, असं ठरवून टाकलं.

फिल्म झाली. मी ती लॅपटॉपवर घाईघाईत तपासली आणि ठीक म्हणून शेरा मारला. गोळीबार थांबून आठवडा झाला होता, पण पुण्याला अजून घाई होती. चॅनलचे साहेब म्हणाले, आधी मुलांना दाखवून पाहू. अमरावतीत आमच्या मालकांच्या ओळखीची एक शाळा होती. तिथल्या सभागृहात भिंतभर पडदा लावला.

पहिल्या फुस्सला पोट्ट्यांनी टाळ्या पिटल्या. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला पुढच्या रांगेतली एक पोरगी ओरडली, “त्याची चप्पल राहिली!”

मी पाहिलं. धूर विरला होता आणि जमिनीवर एक चप्पल पडली होती. लॅपटॉपवर तिळाएवढी दिसली असेल, इथे चांगली हातभर. उजव्या पायाची, अंगठ्याचा पट्टा पिवळ्या दोऱ्याने शिवलेला. अकोल्याच्या स्टँडवर मीच तो शिवून घेतला होता.

मग काय विचारता! “त्याचा डबा पाहा!” “कंगवा, कंगवा!” प्रत्येक धुरानंतर सगळी मुलं पुढे वाकून शोधायला लागली. टाळ्या बंद. शेवटी हिरोने झेंडा लावला तेव्हाही कुणी वाजवल्या नाहीत. तीच पोरगी बाईंना विचारत होती, “मॅडम, तो आता अनवाणी गेला का?” बाईंनी तिला खाली बसवलं.

“शत्रूच्या डब्याचं मुलांनी करायचं काय?” साहेबांनी मला अगदी शांतपणे विचारलं.

दुसऱ्या दिवशी अकोल्यात मी तिच्यावर तुटून पडलो. सगळ्यांसमोर.

“माझी चप्पल शत्रूच्या पायात?”

“तुमी काय अमरपट्टा घेऊन आले?”

“शत्रूचा एवढा पुळका कशाला हो तुम्हाला?”

हे वाक्य मी बोललो. बोलायला नको होतं. ती उभी राहिली. मला वाटलं ओरडेल, पण आवाज उलट खाली गेला.

“माहा भाऊ सीमेवर हाय, सर. तीन हप्ते झाले, त्याचा फोन लागून नाई राहिला.”

तिने अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि माझ्या स्क्रीनकडे रोखली.

“तिकडंही असंच हापिस असन. तिकडंही पोट्ट्यांसाठी असंच बनवून राहिले असन. कोन्या बाईच्या पुढ्यात माह्या भावाच्या चाळीस नकला ठेवल्या असन, अन् तिले सांगितलं असन, कर याचा फुस्स. तिनं त्याची निदान पान्याची बाटली तं ठेवावी तिथी. आमच्या मायनं जुन्या लुगड्याचं निळं कव्हर शिवून देल्लं त्याले, त्या कव्हराची. म्हनून मी इकडं ठेवलं. पयली बाटली त्याचीच काढली. मी दुसरं काय करू, सांगा बरं?”

आणि तेवढ्यात पुण्याचा फोन आला.

माझ्या जिभेने बूट घातले. “हो सर. आजच काढून टाकतो सर. ज्यांनी हे केलं, त्यांना आम्ही कमी केलंय, सर.”

ती समोर उभी होती. कमी केल्याचं तिला असं कळलं. तिने पेन्सिल अंबाड्यात खोचली, पिशवी उचलली आणि जिना उतरली. डबा टेबलावरच राहिला. आठ जणांतला एकही काही बोलला नाही, आणि मी तर नाहीच नाही.

एकेक वस्तू मी स्वतः पुसली. पहिल्या धुरामागची निळ्या कव्हरची बाटली तर आधी. कोणाची आहे ते आता मला माहीत होतं. तो माणूस जिवंत आहे की नाही ते माहीत नव्हतं, तरी पुसली. मग डबे, कंगवे, माझी चप्पल. जुनी फाइलही उडवली, पुन्हा भानगड नको म्हणून. मला माझी इतकी किळस त्याआधी कधी आली नव्हती. फिल्म चॅनलवर लागली, पोट्ट्यांनी टाळ्या पिटल्या असतील. पुढचे भाग आम्हाला मिळाले.

दोन महिन्यांनी दुपारी एक उंच माणूस जिना चढून आला. चेहरा थेट तिचाच. खांद्याला बाटली, बाटलीला निळं कव्हर.

“सर, ताईचा डबा राह्यला म्हने इथी.”

मला इतका आनंद झाला की मी त्याचा हातच धरला. त्याला माझी खुर्ची दिली, चहा मागवला. सुट्टीवर आलो म्हणाला. तो तसा अबोल. चहा संपल्यावर जरा लाजून म्हणाला, “ताई म्हने, तिनं माही बाटली रंगवली तुमच्या सिनेमात. दाखवता का?”

नाही कसं म्हणणार? मी फिल्म लावली. तो पुढे सरकला, गुडघ्यांवर हात ठेवून बसला. पहिला फुस्स झाला. धूर विरला. खाली स्वच्छ, मोकळी माती. तो पाहत राहिला.

“पुन्हा लावा बरं.”

मी पुन्हा लावली. त्याने स्क्रीनजवळ डोकं नेलं, ओरखड्यांच्या अगदी जवळ. मी तिसऱ्यांदा लावली. सांगून टाकावं, असं दर वेळी वाटलं, आणि दर वेळी मी नुसतं बटण दाबलं.

“बारीक असन,” तो उठत म्हणाला. “मले दिसली नाई.” त्याने डबा घेतला, दाराशी थांबला आणि माझीच समजूत काढावी तसा हसला. “जाऊ द्या सर. ताईले सांगतो, दिसली म्हनून.”

तो जिना उतरत होता आणि बाटली कठड्याला लागत होती. खालच्या दुकानापर्यंत तो आवाज येत होता.