उलट्या बाजूचा भांग

मी एका मेलेल्या माणसाच्या केसांचा भांग उलट्या बाजूला पाडला. नव्वदच्या दशकातली, माझ्या नोकरीच्या दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. पण गेल्या महिन्यात सुमन सिस्टर गेल्याचा फोन आला तेव्हा पहिल्यांदा तीच आठवली. गंगापूर रोडवर स्कूटर कडेला लावून मी नुसता ‘हो, हो’ म्हणत होतो, आणि डोळ्यांसमोर तो कंगवा...

नाशिकच्या ज्या दवाखान्यात मी ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स म्हणून लागलो, तिथल्या अपघात विभागाच्या त्या सिस्टर इनचार्ज होत्या. ओझरकडचे हायवेवरचे अपघात, निफाडकडचे सर्पदंश, सगळं आमच्याच दारात यायचं. जे वाचायचे ते वर वॉर्डात जायचे. जे वाचायचे नाहीत त्यांच्या घरच्यांशी कसं वागायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्यामुळे नातेवाईक दिसले की मला हटकून ऑक्सिजनचा सिलिंडर तपासायची आठवण व्हायची. एकदा एकच सिलिंडर मी तीनदा तपासला, आणि तो रिकामा होता. सिस्टरांचं अगदी उलट. त्या घरच्यांच्या शेजारी बसून सांगायच्या, मग त्यांना थोडं बाहेर थांबवून ठेवायच्या. तेवढ्यात रक्त पुसायचं, डोळे मिटवायचे, स्वच्छ चादर घालायची, आणि घरच्यांना विचारून केस विंचरायचे. शेवटचं बघणं त्यांना जन्मभर पुरवायचं असतं, असं म्हणायच्या.

त्या सकाळी झेंडूची पाटी मार्केटला घेऊन निघालेला एक माणूस ट्रकखाली आला. खिशातल्या कागदांवरून घरच्यांना बोलावलं. सिस्टरांनी त्याच्या बायकोला तो गेल्याचं सांगितलं, भांग डावीकडे पाडतात हे तिच्या दिराला विचारून घेतलं, आणि केसांचं माझ्यावर सोपवून त्या दुसऱ्या पेशंटकडे धावल्या. मी त्या माणसाकडे तोंड करून उभा राहिलो आणि डावीकडे भांग पाडला. माझ्या डावीकडे. समोरच्याची डावी ती आपली उजवी, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. मला मात्र चांगला चापूनचोपून पाडल्याचा अभिमान वाटत होता.

बाई आत आल्या. चेहरा सुजलेला होता, कपडे आम्ही काढून ठेवलेले. त्यांनी खूप वेळ बघितलं आणि एकदम मोकळा श्वास सोडला. “हे नाय आमचे. आमच्यांचा भांग असा नसतो.” मग त्याच्या पायांवरची चादर नीट करत हळहळल्या, “कुणाचं मानूस हाय बिचारं...”

इथे तरी मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं, पण काय बोललो? “थांबा बाई, मी परत चौकशी करतो.” आणि सिलिंडरकडे पळालो.

बाहेर त्यांनी दिराला मार्केटमध्ये बघून यायला पिटाळलं. फुलं विकून बसले असतील गप्पा मारत, म्हणाल्या. बाकावर पदर सारखा करून बसल्या, पाणी मागून प्यायल्या. मला ते काचेतून दिसत होतं. सिस्टर परत आल्यावर मी सगळं सांगितलं. आता शिव्या खायच्या, एवढीच तयारी केली होती.

“आता तूच सांगायचं,” त्या म्हणाल्या.

“मी? सिस्टर, तुम्ही...”

“तिला आशा तू दिलीस. ती काढून मी घ्यायची?”

त्यांनी मला बाईंच्या शेजारी बसवलं आणि स्वतः पलीकडे बसल्या. मी म्हणालो की ओळख पटली आहे, म्हणजे तसं कागदोपत्री, म्हणजे थोडी गडबड... बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. शेवटी मीच म्हणालो, “भांग मी चुकीचा पाडला. ते तुमचेच आहेत. ते गेले.”

बाई बराच वेळ माझं मनगट घट्ट धरून बसल्या, आणि उठून जायला मला पहिल्यांदाच काही निमित्त सुचलं नाही. नंतर सिस्टरांनी कंगवा पाण्यात बुडवून त्यांच्या हातात दिला. त्यांनी भांग मोडला, पुन्हा पाडला, बोटांनी दाबून बसवला. तेव्हापासून आमच्याकडे केस घरच्यांनीच विंचरायचे, अशी पद्धत पडली. नव्या मुलींना सिस्टर ती शिकवायच्या, तेव्हा ती कुणाच्या मूर्खपणातून आली हे कधी सांगायच्या नाहीत. ते मीच सांगत फिरायचो, वर चार गोष्टी पदरच्या घालून.

सिस्टर गेल्या तेव्हापासून मी त्यांच्या घरी रोज जात होतो. खुर्च्या आणल्या, मंडप ठरवला, गुरुजींना आणलं-सोडलं, चहा किती कप ते मोजलं. तेराव्याला सगळे पांगल्यावरही मी सतरंज्या झटकत होतो. त्यांची मुलगी मेधा दारात उभी राहून कधीपासून बघत होती कोण जाणे. मी तिला म्हटलं, अजून काही आणायचंय का, सांग.

ती म्हणाली, “काका, तेरा दिवसांत तुम्ही मला हे रोज विचारलंत. आई कशी गेली, ते एकदाही विचारलं नाहीत.”