चंदेरी रंगाखालचा काळा

प्लास्टिकच्या चिमुकल्या विमानाला खऱ्या धातूची चकाकी आणायची, तर चंदेरीच्या आधी आरशासारखा चकचकीत काळा रंग द्यावा लागतो. काळ्यावरचा बारीकसा डागही चंदेरी लपवत नाही, उलट उठवून दाखवतो.

“वाळला का रे?” म्हणत बाबांनी पंखावर अंगठा टेकवला. हयातभर विमानतळावर खरी विमानं पुसलेला अंगठा. ठसा स्पष्ट उमटला.

“हात थरथरतात ना तुमचे? मग कशाला मध्ये मध्ये करता?” मी म्हणालो, आणि त्यांच्यासमोरच पॉलिश पेपरने तो ठसा घासून काढला.

आता पंख लखलखतो. कुणाचा तरी ठसा पुसल्याशिवाय अशी चकाकी येतच नसावी. बाबा अजूनही विमान बघायला येतात. दारातच उभे राहतात, दोन्ही हात पाठीमागे धरून.