दहापैकी आठ

वाशीपासून बेलापूरपर्यंत माझ्या साडूंच्या नाकाइतकं खरं बोलणारं दुसरं काही नाही, असं मी बावीस वर्षं सांगत आलो आहे. महाप्यातल्या एका मसाल्याच्या कारखान्यात ते चव तपासण्याचं काम करतात. मिरचीला ओल लागली आहे हे पोतं उघडण्याआधी सांगतात, म्हणून कारखाना त्यांना पगार देतो. बाकीच्या जगात ते हेच काम फुकट करतात. लग्नाला गेले की आधी आचाऱ्याकडे, मग नवरदेवाकडे. खिशात पेनाशेजारी स्टीलचा चमचा. घरी जेवणाआधी दोन तास उदबत्ती आणि डोक्याला तेल बंद. एकदा वाशीच्या बाजारात आंब्याच्या अकरा पेट्या हुंगून त्यांनी बारावी घेतली, तेव्हा व्यापारी म्हणाला, "साहेब, उद्यापासून गाळ्यावर तुमीच बसा, मी घरी जातो." प्रत्येक पदार्थाला ते दहापैकी गुण देतात, तेही तोंडावर. माझ्या बायकोच्या, शुभाच्या, स्वयंपाकाला बावीस वर्षांत सहाच्या वर कधी मिळाले नव्हते.

अशा माणसाने गणपतीनंतरच्या तापातून उठल्यावर आमच्याकडच्या उपम्याला आठ दिले. पुढच्या रविवारी आमटीला आठ. सोसायटीच्या जेवणातल्या गार पुलावालाही आठ. शुभा खूश होती. भावजी निवळले, म्हणाली. मी आकड्यांत वावरणारा माणूस. जो काटा प्रत्येक वजनाला एकच आकडा दाखवतो, तो बिघडलेला असतो. गॅलरीत गाठून विचारलं, तेव्हा खालच्या पार्किंगकडे बघत ते म्हणाले, "वास गेलाय. गोड, आंबट, खारट, तिखट कळतं. बाकी सगळं कोरं." दिवाळीनंतर कारखान्यात सगळ्या चव तपासणाऱ्यांचीच तपासणी होती. नापास झाले तर खुर्ची जाणार. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, दोघं आमच्याकडे जेवायला आले. त्यांच्या मुलीने स्पेनहून फेसाळ पांढऱ्या वाइनची बाटली आणली होती. लेबलवर अर्धकोरडी, म्हणजे कमी गोड; प्रत्यक्षात बऱ्यापैकी गोड. त्या वाइनबरोबर काय चांगलं लागतं ते यांनीच सांगावं, असा मेहुणीचा हट्ट. मी चौघांचे दारू पिण्याचे एका दिवसाचे परवाने काढून ठेवले होते. एरवी त्यावरून त्यांनी माझी तासभर टिंगल केली असती. त्या दिवशी नुसती मान हलवली.

शुभाने कोथिंबीर वडी, तळलेली कोळंबी आणि दिवाळीच्या उरलेल्या करंज्या मांडल्या. वडी खाऊन त्यांनी घोट घेतला. गोडाने मिरची मवाळ होते, म्हणाले, आठ. कोळंबीचं मीठ या फेसाबरोबर छान लागतं, आठ. सगळं बरोबर होतं आणि सगळं जिभेचं होतं. वासाचा एक शब्द नाही. मेहुणी कौतुकाने ऐकत होती आणि मी मनात आठ मोजत होतो.

मग त्यांनी करंजी मोडली, चावली, वर एक घोट घेतला आणि थांबले. ग्लास नाकाशी नेला. पुन्हा करंजी.

"शुभा, सारणातलं खोबरं खवट आहे. दोन. तेही तुझ्याकडे बघून."

मेहुणी लाजेने लाल झाली. म्हणाली, "अहो, काय हे, दुसऱ्याच्या घरी." त्यांचं लक्ष नव्हतं. ते ग्लासात नाक खुपसून हळूहळू बोलत होते, "पिकलेलं सफरचंद. आणि मागे बेकरीतला पाव. गरम."

त्यांचे डोळे भरलेले पाहून मीच सगळं सांगून टाकलं.  मेहुणी नवऱ्याचा दंड धरून बसली. एरवी 'दोन' ऐकून चार दिवस न बोलणारी माझी बायको आत गेली आणि करंज्यांचा अख्खा डबाच घेऊन आली. "भावजी, अजून एक हुंगा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बारापैकी नऊ नमुने ओळखले. खुर्ची राहिली. मला मात्र आठवतं ते त्या दुपारचं निघणं. आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. लिफ्ट समोर उभी असून ते जिन्याने निघाले, सोडायला मी मागोमाग. प्रत्येक मजल्यावर थांबत, बंद दारांसमोर श्वास घेत. तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी सुकट भाजत होतं. तिथे ते बराच वेळ उभे राहिले, आणि मेहुणी दोन पायऱ्या मागे, कठड्याला धरून, त्यांना अजिबात घाई न करता.