इरा 'लई' म्हणाली

१५ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी मेथी निवडत शिकवत होते. अमेरिकेतली चार लेकरं मोबाईलच्या पडद्यावर. त्यांच्याकडं शुक्रवारची रात्र. मी पुस्तक धरून मराठी शिकवत नाही. हातात जे काम असेल त्यावर बोलते. लेकरं विचारतात, बोलायला लागतात.

सात वर्षांच्या इरानं विचारलं, पान कसं लागतं. मी म्हणाले, "लई कडू." तिला हसू फुटलं. "लई कडू, लई कडू" म्हणत ती खुर्चीवर नाचायला लागली. एरवी एका शब्दावर थांबणारी पोर.

तिची आई पडद्यात आली.

"मॅडम, हे असलं नको. आम्ही शुद्ध मराठीसाठी क्लास लावलाय. तिथे कुठे राहता तुम्ही?"

"भीमनगरला."

"अच्छा. म्हणूनच."

बाकीच्या लेकरांचे आईबापही पडद्याआडून ऐकत होते.

म्हणूनच. पत्ता विचारून तिनं माझी जात काढली. बाई याच शहरात वाढलेली. विमानात बसून गेली, जाताना गावाची वेस सोबत घेऊन गेली.

लहानपणी पाचोडच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, "वस्तीवरचं बोलणं वर्गात नको." वर्ग हसायचा. मी बोलणंच बंद केलं. मग त्यांच्यासारखं बोलायला शिकले, बी.एड. झाले. आताही "सॉरी मॅडम" ओठापर्यंत आलं होतं. तेवढ्यात इराकडं लक्ष गेलं. आई दटावत होती, "म्हण, खूप कडू." इरा मान खाली घालून बसली. लई नाही, खूप नाही. काहीच नाही.

मी म्हणाले, "तिला गप्प करू नका. ही मराठीच आहे. माझी आय हीच बोलते."

"मग तुमच्या घरी बोला." पडदा बंद.

संध्याकाळी क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा मेसेज. मॅडमनी यापुढे फक्त पुस्तकातलं वाचून दाखवावं. बाकीच्यांनी खाली अंगठे दिले. नवरा वाळूजच्या कंपनीतून ड्युटी करून आला, त्यानंही वाचलं.

"वाच की पुस्तक. तुझं काय जातंय?"

"माझं तोंड जातंय."

रविवारी सकाळी ग्रुपवर लिहिलं, "पुस्तक वाचणार नाही. माझ्या बोलीतच शिकवणार. चालत नसेल त्यांनी लेकरू काढून घ्यावं." आणि क्लास सुरू केला. इरा आली नाही. एकच पोरगी आली. शेजारी तिचा बाप, हाताची घडी घालून.

तिला पहिलं वाक्य दिलं, "मला लई राग आलाय." बापाच्या देखत, मोठ्यानं म्हणून घेतलं.