जेसल पार्कातली आमची गौर

लग्न होऊन मी परळच्या चाळीत आले तेव्हा तिथे सगळे आपलेच. रायगडचे नाहीतर रत्नागिरीचे. बाहेरच्या माणसाला मजल्यावर खोली मिळायचीच नाही, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. पुढे भाईंदरला जेसल पार्कात फ्लॅट घेतला तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी दारावरच्या पाट्या बघून कपाळाला हात लावला. "अगो बाय, ह्ये तर समदं जगच जमलंय!"

खरंच जमलं होतं. गुजराती, मारवाडी, एक मल्याळी, आणि मराठी तर प्रत्येक मजल्यावर. सगळेच नवखे, त्यामुळे सगळ्यांचे दरवाजे दिवसभर उघडे. मग मराठी लोक एकेक करून मोठ्या जागेसाठी विरारकडे निघाले. मल्याळी मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कला गेले. त्यांच्या जागी आले ते सगळे शाकाहारी. कुणी कुणाला हाकललं नाही हो. एजंटच पहिला प्रश्न टाकायचा, "व्हेज की नॉनव्हेज?" मुसलमान गिऱ्हाईक आलं की त्याला आमच्या गल्लीत आणायचाच नाही, परस्पर मीरा रोडला पाठवायचा. बघता बघता अख्ख्या बिल्डिंगमध्ये मासे खाणारं आमचं एकच घर उरलं.

मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं की बिल्डिंगमध्ये मटण-मच्छी शिजवायची नाही. जवळच्या मोरवा गावची मासेवाली वर्षानुवर्षं आमच्या दारात टोपली उतरवायची, तिला वॉचमनने गेटवरच अडवलं. सेक्रेटरी राजस्थानातला, सभ्य माणूस. माझ्यापुढे हात जोडून म्हणाला, "भाभीजी, मेरी माँ को वास से उल्टी होती है. आप लोग बाहर खा लो ना." खोटं बोलत नव्हता. नाकाला पदर लावून जिना चढताना मी त्या म्हातारीला बघितलं होतं. पण माझं डोकं सणकलंच. मी म्हटलं, "आपकी माँ को उल्टी होती है, मेरी सास को भूख लगती है. अब बोलो!" तो हसला. नियम मात्र राहिला.

रोजचे मासे आम्ही सोडले. खरंच सोडले, भांडण कशाला. पण गौरीचं काय करायचं? आमच्यात गौर आली की दुसऱ्या दिवशी तिला तिखटाचा नैवेद्य लागतो. वडे, कोंबडी आणि चिंबोऱ्या. सासूबाईंच्या सासूपासून चालत आलेलं. "गौरीला उपाशी ठिवून मी पान्याचा घोट नाय घेनार," त्यांनी सांगून टाकलं. नवऱ्याला वैताग आला. "मग विकूया हा फ्लॅट. विरारला सगळी आपली बिल्डिंग आहे, बघून आलोय मी." त्याने एजंटशी बोलणंही केलं. सासूबाईंना जायचं नव्हतं, आणि ते का, हे मला ठाऊक होतं.

समोरच्या दारात बा राहायच्या. काठियावाडच्या, विधवा, गळ्यात तुळशीची कंठी, घरात ठाकोरजींची, म्हणजे बाळकृष्णाची, सेवा. रोज दुपारी दोघी पॅसेजमध्ये भाजी निवडत बसायच्या. ह्या मराठीत बोलायच्या, त्या गुजरातीतल्या हिंदीत, आणि दोघींना सगळं कळायचं. त्या दुपारी सासूबाईंनी गौरीचं सांगितलं तेव्हा बांच्या हातातली मेथी तशीच राहिली.

"हाय हाय! हमारी गोरमा के व्रत में तो छोकरी लोग नमक भी नहीं खाता. तुम्हारी गोरमा केकड़ा खाती है?"

"खाते तर! आवडीनं खाते."

"और गणपती? वो तो बाजू में बैठा है!"

"त्याच्या म्होरं पडदा वडायचा. त्यानं मोदक खावं, तिनं चिंबोऱ्या. मायलेक हायत, एकाच घरात ऱ्हातात."

बा सासूबाईंच्या जवळ सरकल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मेरी छोटी बहू होटल में जाके अंडा खाती है. मेरे को मालूम है. क्या बोलूँ?" आणि दोघी तोंडाला पदर लावून अशा हसल्या की आत घरात मलाही हसू आवरेना.

गौरी आल्या. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पिशवीत चिंबोऱ्या, वर माठाची जुडी, अशा थाटात लिफ्टमधून आणल्या. लिफ्टमध्ये सेक्रेटरी भेटला. पिशवीत खुडबुड सुरू होताच सासूबाईंनी मोठ्याने आरती धरली, आणि तो बिचारा भक्तिभावाने टाळ्या वाजवत वर आला! मी खिडक्या लावल्या, फटीत फडकी कोंबली. पण चिंबोऱ्यांच्या कालवणाला फोडणी पडल्यावर वास कुणाच्या बापाला अडवता येतो? पडदा ओढून सासूबाई पान वाढतायत, तोच बेल वाजली. सेक्रेटरी, आणि मागे कमिटीचे दोघे.

"भाभीजी, ये ठीक नहीं है. मीटिंग में सबने तय किया था."

आता पान उचलायला लावतात की काय! तेवढ्यात समोरचं दार उघडलं.

"वास मेरे घर से आता है," बा म्हणाल्या. "मैंने पकाया है. अंदर आके देखना है?"

सेक्रेटरी त्यांच्या कंठीकडे बघतच राहिला. खोटं आहे हे त्याला कळत होतं. पण त्या वयाच्या बाईला तिच्याच दारात खोटारडी म्हणणारा तो माणूस नव्हता. "ठीक है, बा," म्हणाला आणि तिघे जिना उतरले.

बांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दार लावून घेतलं. जरा वेळाने त्यांच्या बाथरूममधून बादलीचा आवाज आला. डोक्यावरून आंघोळ करत होत्या. त्या वासात उभं राहून, वर खोटं बोलून, तशाच ठाकोरजींपुढे कशा बसणार? इकडे गौर जेवत होती आणि सासूबाई पानापुढे बसून रडत होत्या. मलाही रडू आलं. एवढं आमच्यासाठी आमच्या चाळीतही कुणी केलं नव्हतं.

संध्याकाळी एजंटचा फोन आला. सासूबाई कधी फोनला हात लावत नसत. त्या दिवशी नवऱ्याच्या आधी त्यांनीच उचलला.

"नाय जात आमी," त्या म्हणाल्या. "बा हाय ना हितं."