हरेश्वरची सायकल मी निवडली

ही गोष्ट सांगायची मी सहा वर्षं टाळली. कोणी विचारलं नाही, हे माझं सोयीचं कारण. गेल्या महिन्यात एका सकाळी दांडी गावाहून सायलीचा, हरेश्वरच्या नातीचा फोन आला. "जाधव आजोबा, आमचा नाना गेला…" ज्याच्यापाशी बोलायचं होतं तोच उरला नाही. म्हणून आता निदान लिहून ठेवतो.

हरेश्वर तांडेल आणि मी बोईसरच्या एकाच कारखान्यात सव्वीस वर्षं काढली. मी सांगलीकडून येऊन जवळच्या सरावली गावात राहिलेला, उंच. तो दांडीचा, समुद्रावर वाढलेला, बुटका आणि काटक. निवृत्तीनंतर मी शर्यतीची सायकल घेतली, तीही महिनोन् महिने वाचून, स्वतःचं माप काढून. तारापूरच्या रस्त्यावर मी घाम गाळत असायचो आणि हा जुन्या काळ्या सायकलवरून, मागे मासळीची पाटी बांधून, शेजारून पुढे निघून जायचा. "काय जाधव, पंक्चर हाय काय?" बरोबरचे सगळे हसायचे. मीही हसायचो, पण घरी गेल्यावर ते हसू टोचत राहायचं.

पुढे त्याला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज व्यायाम हवा. त्यानं ठरवलं, चांगली सायकल घ्यायची आणि पालघरच्या हौशी शर्यतीतही उतरायचं. "या वयात ती घट्ट चड्डी घालून फिरनार? मंग मी माहेरी जाते," मंजुळावहिनी म्हणाल्या. "खुशाल जा," तो म्हणाला, "सायकल जाधव निवडनार हाय. तो चुकनार नाय."

दुकानात एकाच जातीच्या दोन सायकली होत्या, मापं वेगळी. लहान फ्रेमवर त्यानं एक फेरी मारली. पाठ सैल, कोपरं किंचित वाकलेली, पाय सहज फिरणारे… सायकल जणू त्याच्यासाठीच बनवली होती. या सायकलवर हा मला कधीच हाती लागणार नाही, हे मला तिथेच कळलं. मग तो मोठीवर बसला. हँडल गाठायला त्याला जवळजवळ आडवं व्हावं लागत होतं. दुकानदार सांगू लागला, "चाचा, छोटावाला…" हरेश्वरनं त्याला थांबवलं. "त्याला विकायचं हाय. जाधव, तू बोल."

"मोठी घे," मी म्हणालो. "मोठ्या फ्रेमला वेग जास्त. हाताला सवय होईल."

हे खोटं होतं. चूक नव्हती, खोटं होतं.

शर्यतीत मी त्याच्या बराच पुढे आलो. तो पोचला तेव्हा त्याची बोटं बधिर झाली होती, पाण्याची बाटली उघडत नव्हती. त्याच हातांनी त्यानं माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मानेचं आणि पाठीचं दुखणं सोसत त्यानं आठ महिने काढले आणि सायकल सोडली. मग चालणंही सुटलं. एका मेकॅनिकनं त्याला सांगितलं होतं की माप चुकलंय. ते मला सांगताना तो हसत होता. "त्याला बोललो, माझ्या दोस्तानं निवडलेली हाय, तुला काय कलतं? शरीरच म्हातारं झालं, सायकल काय करील…" मी मान डोलावली.

यंदा सायलीनं शर्यतीचा हट्ट धरला, तेव्हा त्यानं पुन्हा मलाच बोलावलं. मी तिला भिंतीला पाठ टेकवून उभं केलं, पायांमध्ये वही धरायला लावली, जमिनीपासून वहीपर्यंत माप घेतलं. खात्रीसाठी पुन्हा घेतलं. मग हातांची लांबी. कागदावर आकडे लिहून दिले आणि बजावलं, याच्यापेक्षा मोठी फ्रेम कोणी कितीही सांगितलं तरी घ्यायची नाही. ती कागद घेऊन आत गेली. हरेश्वर खाटेवर पडून सगळं बघत होता.

"माझ्या वेली असं मापलं नाय तू," तो म्हणाला.

आवाजात राग नव्हता. मला वाटतं, तो वाट बघत होता. 'मुद्दाम केलं, हरेश्वर,' एवढंच म्हणायचं होतं.

"तेव्हा मला तरी कुठे माहीत होतं रे…" मी म्हणालो.

 "बरं," तो म्हणाला आणि त्यानं वहिनींना हाक मारली, "जाधव निघालाय, त्याला सुके बोंबील बांधून दे." ती आमची शेवटची भेट. पिशवी हातात घेऊन मी दारात थांबलो.

"हरेश्वर…"

"काय?"

"काही नाही. येतो."