हँडलची का बटणाची

आमची पहिली मोटार घाटात जाळली. टोळीवाल्यांनी रस्त्यावर दगडं मांडली व्हती. मोटार थांबली आन् इंजन बंद पडलं. माझे मालक खाली उतरून पुढं हँडल मारून इंजन चालू करायला वाकले, तेवढ्यात एकानं त्यांच्या मनगटावर कुऱ्हाड उलटी धरून तिचा तुंबा हाणला. धाकट्या दिरानं, म्हंजे आमच्या भाऊजींनी, त्यांना काट्याकुट्यातनं फरफटत खाली नेलं म्हणून जीव वाचला. वर मोटार जळत व्हती, तिचा धूर गावातनं दिसला.

मोगलाईचे शेवटचे दिवस व्हते. आम्ही तुळजापूरचे. सोलापूरहून देवीचे यात्रेकरू मोटारीनं आणायचे, पुन्हा नेऊन सोडायचे, हाच दोघा भावांचा धंदा. सोलापूर निजामाच्या हद्दीबाहेर, आमचं गाव आत, आन् मधल्या रस्त्यावर टोळ्या. कुठली टोळी कुणाची, कळायचं न्हाय. लोक म्हणायचे, धंदा सोडा. मग खायचं काय, तुमचं कपाळ? मी तेव्हा पोटुशी व्हते. नवरा संध्याकाळी जिता दारात येतो का न्हाय, एवढंच मला दिवसभर सुचायचं, आन् ते सगळं मोटारीवर व्हतं.

सोलापूरच्या एका दलालानं दोन जुन्या लहान मोटारी आमच्या दारात आणून उभ्या केल्या. एक ठेवून घ्या म्हणला. एक काळी, चकचकीत, बटण दाबलं की चालू. तिचं हँडल कुठं हरवलं, ते त्याला सांगता येईना. दुसरीचा रंग उडालेला, दार तारेनं बांधलेलं, चालायची फक्त हँडलवर. भाऊजींनी दोन्हींचं तेल बोटावर घेऊन बघितलं, धूर बघितला, इंजनाला कान लावला. मग म्हणले, "दादा, हीच घे, रंगाचं काय घेऊन बसलास? बॅटरी आज हाय, उद्या बसली तर? लढाईपासनं नवी मिळती का कुठं? हिचं इंजन धा वर्षं हूं का चूं करणार न्हाय."

मालकांनी आपलं वाकडं मनगट भाऊजींच्या नाकापुढं धरलं. "हँडल मारायला माणूस मोटारीपुढं वाकतो. पुन्यांदा कुणाचं काय तुटायचं? तुझं डोकं का माझं?"

खरं सांगू, बरोबर दोघंबी व्हते. म्हणूनच पेटले. शब्दाला शब्द वाढला, मालकांनी डाव्या हातानं ते हँडल उचललं आन् भावाच्या तोंडावर मारलं. भाऊजींचा ओठ फाटला. त्यांनी मालकांना भिंतीवर आपटलं, गळा धरला. मी मधी गेले तर कुणाचं तरी कोपर माझ्या छातीत बसलं. दलाल पळून रस्त्यापल्याड. म्या घागर उचलली आन् दोघांच्या डोक्यावर ओतली. "अरे मेल्यांनो, टोळीला कशाला तरास? तुम्हीच एकमेकाला खावा!"

सासूबाई उंबऱ्यात बसून बघत व्हत्या. म्हणल्या, "चिंतामणीला विचारू."

आमच्याकडं असंच. देवळाच्या आवारात गोल दगड हाय, त्यालाच चिंतामणी म्हणतात, त्यावर दोन्ही हात ठेवून मनात सवाल धरायचा. दगड उजवीकडं फिरला तर हो, डावीकडं फिरला तर न्हाय. लोक लग्न विचारतात, हरवलेली गाय विचारतात. आमच्या घरच्यांनी मोटार विचारली. सकाळी सासूबाई दगडापुढं बसल्या, मोठ्यांदा म्हणल्या, "आई, काळी मोटार भरवशाची हाय का?" दगड सावकाश उजवीकडं गेला.

माझ्या तोंडाला लगाम नव्हता. "इंजनातलं दगडाला काय कळतंय?" मी बोलून गेले. सासूबाईंनी तिथंच, चार माणसांत, माझ्या मुस्काटात ठेवून दिली.

भाऊजी मात्र हसले. फाटक्या ओठानं हसताना रगत आलं. "आईनं कौल घेतला, मिटलं," म्हणले. त्या दिवसापास्नं त्यांनी हँडलचं नाव काढलं न्हाय. काळ्या मोटारीला लेकरागत धुवायचे, पुसायचे. मोटारबी गुणाची निघाली. पावसाळा काढला, दिवाळी काढली. मीबी नरमले.

मग एक दिवस दोघं भाऊ रिकामी मोटार घेऊन परत येताना ओढ्यावर इंजनात पाणी भरायला थांबले. मालकांनी बटण दाबलं, काय न्हाय. पुन्हा दाबलं, काय न्हाय. बॅटरी बसली व्हती. तेवढ्यात मागच्या वळणावर माणसं दिसली, हातात भाले. मालकांच्या मनगटात ढकलायचा जोर नव्हता. भाऊजी म्हणले, "तू चाक धर, मी ढकलतो." पुढं उतार व्हता. मोटार हलली, धावली, इंजन सुरू झालं. मालकांनी मागं बघितलं. भाऊजी पळत येत व्हते, दाराची कडी धरायला हात पुढं केला व्हता, आन् भाला त्यांच्या पाठीत घुसला. ते तोंडावर पडले. वर अजून दोघं धावून आले. मालकांनी पाय खाली दाबला, तो आमच्या दारात येईस्तवर काढला न्हाय.

हे सगळं त्यांनी मोटारीत बसूनच सांगितलं. खाली उतरत नव्हते.

सासूबाई आत गेल्या आन् वरवंटा घेऊन आल्या. पहिला घाव पुढच्या काचेवर. काचा मालकांच्या तोंडावर उडाल्या, रगत लागलं, तरी ते हलले न्हाईत.

"थांबायचं व्हतंस."

"थांबलो असतो तर मीबी मेलो असतो, आई."

"मग मरायचं व्हतंस! त्याला एकटं टाकून आलास!"

घावावर घाव पडत व्हते. शेजारपाजारचे जमले, पण कुणी पुढं होईना. भाऊजींसाठी माझा जीव तुटत व्हता, सख्ख्या भावागत जपलं व्हतं त्यांनी मला. आन् तरीबी माझी नजर मालकांवरनं हटत नव्हती. जिते व्हते. माझ्या लेकराचा बाप जिता व्हता. मोटार सुरू झाली व्हती. देवळाच्या दिशेनं माझे हात आपसूक जोडले गेले.

सासूबाईंनी ते बघितलं. काचेवर उचललेला वरवंटा त्यांनी माझ्या अंगावर फेकला. खांद्याचं हाड मोडलं माझ्या. त्यांचं चुकलं, असं मी आजबी म्हणणार न्हाय.